जात्यावरची बाई हलत का नाही

दिवाळी अंकाला कारखान्यातला माणूस लागतो तो एक तर संपातला, नाही तर अपघातातला. दोन्ही मी जवळून पाहिले, पण त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहिणार आहे शांताराम ढोरेवर, आणि आधीच सांगून टाकतो, मला त्याचा हेवा वाटायचा. वाटायचा कसला, अजून वाटतो. परवा त्याचा नातू रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "तुम्ही आजोबांच्या हाताखाली होता ना?" तेवढ्यानंसुद्धा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हाताखाली नव्हतो हो. मी त्याच्या शेजारच्या बाकावर होतो, आणि पगारपत्रकात माझं नाव त्याच्या वर होतं.

पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते तेव्हा मी राजगुरुनगरहून आलो आणि एका फौंड्रीत लागलो. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. जातीनं आणि हातानं मी सुतार, म्हणून मला पॅटर्न शॉपमध्ये टाकलं. लोखंडात सुताराचं काय काम, असं माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं, तेव्हा त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगतो. पंपाचं कवच ओतायचं असेल तर आधी ते लाकडात जसंच्या तसं करावं लागतं. ते लाकडी कवच ओलसर वाळूत दाबून बसवायचं, मग अलगद काढून घ्यायचं, आणि वाळूत जी पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस सोडायचा. ते लाकडी रूप म्हणजे पॅटर्न. तो करणारे आम्ही.

यात दोन मेखा आहेत. एक म्हणजे लोखंड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न किंचित मोठा ठेवायचा. त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचाहून केसभर लांब. मी नवा असताना घरच्या कोनाड्याचं माप साध्या टेपनं घेतलं आणि फळ्या कंपनीत बसून कंपनीच्या पट्टीनं कापल्या. ते फडताळ कोनाड्यात काही गेलं नाही. बायको अजून पाहुण्यांना ते दाखवते. दुसरी मेख अशी, की पॅटर्न एकसंध करायचा नाही. तो तुकड्यांत करायचा आणि तुकडे डॉवेलनं, म्हणजे लाकडी पिनांनी, एकमेकांत बसवायचे. वाळूतून काढताना ते सुटे होतात आणि साचा मोडत नाही.

एवढी कारागिरी करून ती दिसते कुणाला? कुणालाच नाही. साध्या सुतारानं देव्हारा केला तर तो चारचौघांत मिरवतो. आमचं काम वाळूत तोंड खुपसायचं आणि नंतर रॅकवर धूळ खात पडायचं. शेतकरी पंपाचं कौतुक करायचा, त्या पंपाआधी कुणी रंगनाथ नावाच्या माणसानं सागवान तासलं होतं हे त्याला कशाला कळेल? माझं हे दुःख होतं. आपलं काम लोकांनी बघावं आणि बघून दोन क्षण तिथं थांबावं, एवढीच माझी भूक होती.

ती भूक गणपतीनं भागवली. आमच्या चिंचवडच्या वस्तीत घरटी एक फिटर नाही तर टर्नर. असल्या वस्तीत देखावा बसला की बघणारा पहिला प्रश्न विचारतो, "हलतंय का?" हलत नसेल तर तो चप्पल न थांबवता पुढं जातो. मी ट्रकच्या वायपरच्या जुन्या मोटरी आणायचो आणि त्यांच्यावर देव-दानव हलवायचो. भोसरीच्या एका मंडळाला मारुतीचं शेपूट हलतं तर हवं होतंच, शिवाय ते वाढतही जायला हवं होतं. सायकलच्या ट्यूबा जोडून आणि मागे एक हवा भरायचा पंप ठेवून मी ते वाढवलं. तळवड्याच्या मंडळींसाठी राक्षस केला, त्याचा जबडा सावकाश उघडायचा होता. मोटर निघाली वेगाची, आणि राक्षस पान चघळल्यासारखा दिसायला लागला. मी ती बदलायला गेलो तर त्यांचे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "मिस्त्री, ऱ्हाऊ द्या! पान खाणारा राक्षस बघाया पार मोशीहून माणसं यायलीत." लोक मला वायपरवाले रंगनाथ म्हणत आणि ते मला फार आवडायचं.

आता ढोरे. तळेगाव दाभाड्याहून लोकलनं यायचा, लोकलनं जायचा. अंगानं काटकुळा, बोलणं मावळातलं, आणि तेही मोजकं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पत्ते कुटायचो तेव्हा तो टाकाऊ तुकड्यांतून काहीतरी कोरत बसायचा. झोपलेलं कुत्रं, बिडी पेटवणारा म्हातारा, पाटी टेकून दम खाणारी बाई. कोरून झालं की हत्याराच्या पेटीत तळाला टाकायचा, कुणाला दाखवायचा नाही. मी एकदा पेटी उघडी बघून तो बिडीवाला हातात घेतला. वाऱ्याच्या बाजूला पाठ करून वाकलेला होता, दोन्ही तळव्यांच्या आत काडी. काडी कोरलेलीच नव्हती, नुसते तळवे होते, तरी ती विझू नये असं मला वाटलं. मी तो परत ठेवला. माझ्याकडे त्याच्याइतकीच हत्यारं होती, धारही माझीच चांगली असायची. मग हे त्याला कुठून येत होतं? त्याच्या त्या टाकाऊ तुकड्यांसाठी मी माझे मारुती, राक्षस, सगळे देऊन टाकले असते, आणि तो तर ते पेटीत दडवून बसला होता. आपल्याला मिळत नाही याचा राग एक, आणि ज्याला मिळालंय त्याला त्याची किंमत नाही याचा राग दुसरा. मला दोन्ही यायचे.

त्याची एक गंमत म्हणजे ही माणसंही तो कंपनीच्या आटणीच्या पट्टीनं मोजून करायचा. मी म्हणालो, "ढोरे, हे काय ओतायचंय का? साधी पट्टी घे की."

तो म्हणाला, "लोखंड आटतं, तसं काम बी आटतं गड्या. बघनाऱ्याच्या डोळ्यात गेलं की आटतं. म्हनून आपुन थोडं वाढवून धरायचं."

"पण तू तर कुणाला दाखवतच नाहीस."

"त्येच तर. म्हनून अजून आटलं न्हाई," असं म्हणून तो हसला. त्याचं हसणंही मला आवडायचं नाही.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष सस्ते, मशीन शॉपमधले, आवाज असा की दोन लेथ चालू असताना तिसऱ्याला ऐकू जावा. त्यांनी कुठून तरी तो बिडीवाला बघितला आणि ढोरेला गळ घातली. त्या वर्षीचा देखावा ठरला खेड्यातली पहाट. मोटेचे बैल आणि मान उडवणारा कोंबडा माझ्याकडे, जात्यावर दळणारी बाई ढोरेकडे. तो नाही म्हणेल अशी मला खात्री होती, आशाही होती. तो चटकन हो म्हणाला. लोकांपुढं यायची इच्छा त्यालाही होती तर! मला वाटलं होतं, तो त्या इच्छेच्या पलीकडं गेलाय.

दर सुट्टीला येऊन त्यानं शिवणीच्या लाकडात ती बाई केली. वस्तीतल्या शेडमध्ये, दार लावून. गणपती बसायच्या आधी तिचे तुकडे मांडवात आणून जोडले आणि तिला लुगडं नेसवलं. मी जात्याच्या खाली मोटरसाठी चांगला हातभर खड्डा सोडून ठेवला होता.

मी विचारलं, "हिचा हात कुठून फिरतो?"

"फिरत न्हाई."

"मग मी मोटर कुठं लावू?"

"बैलाला लाव की."

"अरे राव, ती दळायला बसलीय ना?"

"बसलीय. पन थांबलीय."

"कशासाठी थांबलीय?"

"बघनाऱ्याला कळंल," तो म्हणाला.

मी बघितलं. एक पाय लांब, एक दुमडलेला, सूप बाजूला. हात जात्याच्या खुंट्यावर होता, पण मूठ सैल. मान किंचित मागं वळलेली. चेहरा असा होता की मी नजर काढून घेतली. बाई सुंदर होती, यात वाद नाही. पण थांबली कशासाठी, ते मला कळलं नाही, आणि कळलं नाही हे ढोरेला कळलं.

पहिल्याच संध्याकाळी रांग लागली. माझे बैल पुढं-मागं होत होते, कोंबडा मान टाकत होता, पोरं किंचाळत होती. लोक जात्यापाशी यायचे आणि थबकायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "मोटर जळली वाटतं." दुसरा सांगायचा, "न्हाई, वायर सुटली असंल, बैल चालू हायेत ना." आमच्याकडची माणसं नुसती नावं ठेवणारी नाहीत, मदत करणारी आहेत. एक फिटर रांगेसाठी बांधलेल्या आडव्या बांबूवरून आत वाकून जात्याखाली हात घालून बघू लागला. एकजण तर घरी जाऊन शिलाई मशीनची तेलाची बुधली घेऊन आला. "मिस्त्री, कोपरात दोन थेंब सोडा," म्हणाला, "सांधा धरलाय तिचा."

ढोरे बांबूला टेकून उभा होता, त्याच्या गाडीला वेळ होता. तो बाईकडे बघतच नव्हता, तो बघणाऱ्यांच्या तोंडांकडे बघत होता. एकेक तोंड यायचं, मोटर शोधायचं आणि बैलाकडं वळायचं. दुसऱ्या दिवशीही तेच. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. मला बरं वाटलं. घरी येऊन मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला एक बाई आली. पदर डोक्यावर, हातात रॉकेलचा डबा, बहुतेक दुकानाच्या रांगेतून तशीच आली असावी. बैलांकडं तिनं एकदा बघितलं आणि जात्यापाशी आली ती तिथंच थांबली. मागचे लोक "बाई, चला पुढं" म्हणू लागले तशी ती बाजूला सरली, पण गेली नाही. डबा खाली ठेवला. मग तिनं काय केलं, तर ढोरेच्या बाईची मान जिकडं वळली होती तिकडं ती स्वतः वाकली आणि कडेचा पडदा बोटानं सारून आत बघितलं. आत मी बसलो होतो, ट्रान्सफॉर्मर आणि वायरींच्या गुंत्यात.

मी विचारलं, "काय पाहिजे?"

"काय न्हाई," ती ओशाळून म्हणाली. "लेकरू उठलंय जनू हिचं. झोळी कुटं बांधलीय, ते बघत हुते."

पडदा पडला. मी फटीतून बाईकडं पुन्हा बघितलं, आणि आता मला दिसलं. तिला मागून रडणं ऐकू आलं होतं. दळणाचा शेवटचा घास जात्यात होता, उठू की एवढं आटपू, अशा बेतात तिची मूठ सैल झाली होती. ढोरेनं झोळी केली नव्हती, लेकरू केलं नव्हतं, आवाज तर लाकडात कुणाला करता येतच नाही. तरी त्या रॉकेलवालीनं तो ऐकला होता आणि लेकरू शोधायला ती पडद्याआड आली होती. बाहेर ढोरे बांबूजवळ उभा होता. त्याचं तोंड बघायची माझी हिंमत झाली नाही, पण ते मी न बघता ओळखलं.

माझ्या देखाव्यांना गावंच्या गावं लोटली होती. त्यातलं एक माणूस असं कधी आलं नव्हतं. मारुतीचं शेपूट वाढताना लोकांनी शिट्ट्या मारल्या, पण मारुतीला काय वाटत असेल असं कुणी पडदा सारून विचारलं नाही. जळणं म्हणजे काय ते मी भट्टीच्या दारात उभा राहून शिकलो नव्हतो इतकं त्या पडद्याआड शिकलो.

इकडं मंडळात बोंब झाली. शेजारच्या मंडळाची पोरं येऊन म्हणून गेली, "तुमच्या बाईला बरं न्हाई का हो?" सस्त्यांनी दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना मांडवात उभं केलं.

"ढोरे, काम झकास हाय, आपली ना न्हाई. पन पब्लिकला वाटतंय आपला माल बिघडलाय. अख्ख्या वस्तीचं नाव जातंय. रंगनाथ, आरी घे, खांद्यात काप आन् बसव मोटर."

मी ढोरेकडं बघितलं. तो भांडेल, बाई उचलून घेऊन जाईल, असं वाटलं. तो म्हणाला, "आरी कशाला?" आणि पुढं होऊन त्यानं तिचा पदर सारला, खांदा धरला, जरा ओढला, आणि हात सुटून त्याच्या हातात आला. डॉवेलवर बसवला होता. बाई केली तीही सवयीनं पॅटर्नसारखी, वाळूतून न मोडता निघेल अशी.

"लोकांसाठीच बशिवली हाय ती," तो म्हणाला. "लोकांना हालाया पायजे तर हालवा. पन ह्यो हात न्हाई हालायचा. रंगनाथ, तू तुजा लाव." त्यानं तो हात पोत्यात गुंडाळला आणि काखेत मारून स्टेशनची वाट धरली.

मी हात केला. रजा टाकून केला, आणि जीव ओतून केला, खोटं कशाला बोलू? बोटांची पेरं केली, मनगटावर हिरव्या बांगड्या रंगवल्या. तिला तो हात लावला, मोटरीला जोडला आणि बटण दाबलं. बाई दळायला लागली. मांडव टाळ्यांनी दणाणला. सस्त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात हार घातला. तेलाच्या बुधलीवाला तर असा खूष झाला, जणू त्याच्याच तेलानं ती हलली. ढोरेच्या बाईला माझा हात लागला होता आणि लोक माझ्या हाताकडं बघत होते. ढोरे रोजच्यासारखा बांबूजवळ उभा होता. आता बोल, असं मला त्याला म्हणायचं होतं.

तेवढ्यात ती रॉकेलवाली परत आली. या वेळी शेजारणीला दाखवायला घेऊन आली होती. तिला ओढतच जात्यापाशी आणलं आणि बघत राहिली.

"ही न्हाई ती," ती म्हणाली.

शेजारीण म्हणाली, "अगं हीच की. बग कशी गरागरा दळतीया!"

"न्हाई गं. ती वायली हुती. हिला कुटं काय ऐकू येतंय?" आणि तिनं शेजारणीला पुढं नेलं.

ढोरे माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऐकलंस का रं?" त्यात टोमणा असता तर मी सोडलं नसतं. टोमणा नव्हता, तो नुसता आनंदानं फुटत होता, आणि तो आनंद कुणाला तरी सांगायला त्याला मीच सापडलो होतो. मग तो गाडीसाठी पळाला. मी हार गळ्यात तसाच घेऊन उभा, आणि रांग टाळ्या वाजवत होती.

त्यानंतर त्यानं मंडळासाठी काही केलं नाही. बोलावलं तर म्हणायचा, "झालं माजं." विसर्जनानंतर बाईचे तुकडे त्यानं तळेगावला नेले आणि तिचा पहिला हात तिला परत बसवला. तो वारल्यावर मी त्याच्या घरच्यांना भेटायला गेलो तेव्हा ती ओसरीत होती, नातवंडं तिच्या हातावर दप्तरं अडकवत होती. मी केलेला हात मंडळाच्या पेटीत राहिला. आजही जुने लोक भेटले की म्हणतात, "रंगनाथराव, तुमची ती जात्यावरची बाई! काय दळायची!" मी मान हलवतो.

पण पुढच्या गणपतीचं सांगायचं राहिलं. त्या वर्षी मी ताक घुसळणारी बाई केली. अख्खी मीच केली, पायापासून केसापर्यंत, आणि सहा महिने तिच्या तोंडावर घालवले. मोटर होतीच, ती नसती तर मंडळानं मला दारात उभं केलं नसतं. पण बटण मी पडद्याआड माझ्या हाताशी ठेवलं होतं. घुसळता घुसळता दोरी हातात तशीच राहावी आणि मान दाराकडं वळावी, अशा जागी तिला थांबवायची मी तालीम केली होती. रोज संध्याकाळी मी फटीला डोळा लावून एकाच बाईची वाट बघायचो. हजारो आले, मी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ती आली. कडेवर पोर होतं. ती माझ्या बाईसमोर येताच मी बटण बंद केलं. दोरी थांबली, मान वळलेली राहिली, अगदी हवी तशी. मागच्या रांगेत कुजबूज झाली. ती थबकली. तिनं माझ्या बाईच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तिनं पोर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"लाइट गेली जनू हितली," ती पोराला म्हणाली आणि रांगेबरोबर पुढं सरकली.

वर सगळे दिवे लखलख चालू होते. मी बटण दाबलं, बाई ताक घुसळू लागली, आणि टाळ्या पडल्या.